गाडीच्या खडखडाटात गाणं ऐकायचं तर कानात काय घालावं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. नोकरी चिपळूणला, घर कुडाळला. दर आठवड्याला स्लीपरने नाहीतर जनरलने ये-जा आणि मधल्या दिवसांत शाळेपर्यंत एसटी. ऐकायचं ते शास्त्रीय गायन, नाट्यपदं आणि आपल्याकडची भजनं. हातातले वायरलेस इअरबड घरी बरे वाजतात, पण गाडीत आवाज शेवटपर्यंत चढवला तरी विलंबित ख्याल कुठच्या कुठे जातो. फोनला गोल जॅक नाही. बजेट चार हजार. नॉइज कॅन्सलेशनवाले घ्यावेत की कानात घट्ट बसणारे वायरचे, आणि त्यावरच शाळेच्या ऑनलाइन बैठका उरकतील का, असं तुम्ही विचारलंय.

माझा धंदा साउंडचा. डबलबारीची भजनं (दोन बुवांचा भजनाचा सामना), दशावतारी नाटकं, गणपतीतले कार्यक्रम. मिक्सरवर बसलो की हाताच्या अंतरावर झांजा वाजत असतात आणि त्या गदारोळात बुवांच्या माइकमधून नेमकं काय येतंय ते मला वेगळं ऐकावं लागतं. बाहेरचं अडवून आतलं ऐकवणारे इअरफोन हे माझं रोजचं हत्यार आहे, म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

उत्तर आधी देऊन टाकतो. वायरचे घ्या, बंद कवचाचे घ्या, आणि चारही हजार इअरफोनवर घालू नका. दोन हजारांच्या आसपास इअरफोन, सात-आठशे ते हजार डाँगलला, म्हणजे फोनला गोल जॅक जोडून देणाऱ्या तुकड्याला, आणि राहिलेले सगळे टिपांना. टिप म्हणजे इअरफोनच्या नळीच्या तोंडावर बसणारं रबर किंवा फोम, जे प्रत्यक्ष कानात जातं. दुकानदार याला फुकटातली वस्तू समजतो, आणि गिऱ्हाईकही तेच समजतं. तुमच्या प्रवासात मात्र ख्याल ऐकू येणार की नाही हे त्या रबरावर ठरतं.

आता तुमच्या वाटेवरचा आवाज कसला असतो ते बघू, कारण त्यावरच नॉइज कॅन्सलेशनचा निकाल लागतो. एसटीत खालून इंजिनाची घरघर येते, ती खर्जातली आणि एकसारखी. तिच्यावर खिडकीच्या काचांचा खडखडाट, पत्र्याची थरथर, कंडक्टरची घंटी आणि मागच्या सीटवरचं मोबाइलवरचं भांडण. रेल्वेत २०२२ पासून कोकण रेल्वेचा सगळा मार्ग विजेवर आलाय, त्यामुळे डिझेल इंजिनाची घरघर गेली. पण स्लीपरमधला खरा आवाज चाकं आणि रुळांचा, नि उघड्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याचा. बोगद्यात गाडी शिरली की तोच आवाज भिंतीवर आपटून खिडकीतून आत येतो. उक्षी ते भोके दरम्यानचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, या मार्गावरचा सगळ्यात लांब. तो संपायला पाच-सहा मिनिटं लागतात, म्हणजे एक मध्य लयीतली बंदिश आरामात पाण्यात जाते.

नॉइज कॅन्सलेशनमध्ये इअरबडवरचा माइक बाहेरचा आवाज पकडतो, आतली चिप त्याची उलटी लहर तयार करते आणि दोन्ही एकमेकींना खातात. हे काम जाड, संथ, एकसारख्या आवाजावर छान जमतं. साधारण हजार हर्ट्झच्या वर गेलं की लहरी इतक्या आखूड होतात की चिपचा वेळ चुकायला लागतो. त्यामुळे इंजिनाची घरघर निम्म्याहून कमी वाटते, पण काचेचा खडखडाट, पोराचं रडणं आणि "चाय गरम" तसंच येतं. विमानात किंवा बंद काचेच्या एसी डब्यात याचा फायदा मोठा आहे, ते नाकारत नाही. पण उघड्या खिडकीशी बसलं की वारा सरळ माइकवर आदळतो आणि चिप त्या फडफडीलाच आवाज समजून तिची उलटी लहर कानात सोडते. त्यापेक्षा बंद केलेलं बरं, असं वाटायला लागतं. चार हजारांच्या आतल्या बऱ्याच जोड्यांत शांत जागी बारीक हिस्सही ऐकू येते, आणि तानपुरा चालू असताना ती तुमच्यासारख्या कानाला खुपणार. शिवाय इतकुशी बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि ती बदलून मिळत नाही.

कानात बोळा बसवून आवाज अडवायचा प्रकार याच्या उलट वागतो. वरच्या पट्टीतला आवाज तो सगळ्यात जास्त अडवतो, आणि बसणं जितकं हवाबंद तितका खालचाही. नीट बसलेल्या फोमने बाहेरचा आवाज पंचवीस-तीस डेसिबलने खाली येतो. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, तेव्हा पंचवीस म्हणजे काय ते लक्षात येईल. खोक्यावर ३५, ३७ असे आकडे असतात. ते प्रयोगशाळेतले, शिकलेल्या माणसाने नीट बसवल्यावरचे. त्याच्या जवळ जाणं तुमच्या हातात आहे, शब्दशः.

हा प्रकार नवा नाही. एटिमोटिक नावाच्या अमेरिकन कंपनीने १९९१ मध्ये ईआर-४ हा इअरफोन काढला. श्रवणयंत्रांच्या जगातून आलेली माणसं, त्यांनी तीन पदरी रबर कानात खोल घालायचं तंत्र गाण्याच्या कामाला लावलं. पुढे गायक-वादकांनी स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरऐवजी कानातले मॉनिटर घेतले आणि शुअरसारख्या कंपन्यांनी तीच रचना सामान्य गिऱ्हाइकाला विकायला सुरुवात केली. आज मूनड्रॉप, केझेड, ट्रूथइअर, सेव्हन हर्ट्झ या चिनी कंपन्या दीड-दोन हजारांत जे देतात, त्याला पंधरा वर्षांपूर्वी बरेच पैसे पडले असते. शुअरचा एसई२१५ तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल, पण बाहेरचं अडवण्यात तो अजूनही वरच्या पंगतीतला आहे. सोबत फोमच्या टिपा येतात हे त्याचं निम्मं रहस्य.

आता टिपांकडे येऊ. इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात.

खोक्यात लहान, मधली, मोठी अशा तीन जोड्या असतात. मधली आधीच चढवलेली असते आणि दहातले नऊ जण ती आयुष्यभर तशीच वापरतात. कानाची नळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांब असते, सरळ नसते, तिला दोन वळणं असतात, आणि डावी-उजवी सारखी असेलच असं नाही. माझ्या माहितीतल्या पुष्कळ लोकांना एका कानाला मधली आणि दुसऱ्याला मोठी लागते. यात लाजण्यासारखं काही नाही, दोन मापांच्या जोड्या फोडून आपली जोडी जमवा. पाहिजे त्यापेक्षा लहान टिप घेतली तर ती आत जाते, आरामात बसते, आणि बाजूने फट राहते. त्या फटीतून सगळ्यात आधी खर्ज निसटतो. मग पखवाजाचा धूम नुसता टक् येतो, माणूस म्हणतो "यात बेसच नाही", आणि जास्त बेसचे दुसरे इअरफोन मागवतो. मोठी टिप घेतली तर ती दारातच अडकते आणि अर्ध्या तासात कान दुखतो.

बसवायची रीत अशी. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून न्यायचा, कानाची पाळी वरच्या बाजूने धरून वर आणि मागे ओढायची, म्हणजे नळी जराशी सरळ होते. तोंड किंचित उघडं ठेवायचं. मग दुसऱ्या हाताने टिप किंचित फिरवत आत सरकवायची आणि पाळी सोडायची. फोम असेल तर आधी बोटांत दाबून बारीक करायचा, आत घालायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. बरेच जण धरत नाहीत, आणि फोम फुगता फुगता स्वतःलाच बाहेर ढकलतो.

ही रीत हाताला बसवायचा स्वस्त मार्ग सांगतो. लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत कामगार कानात पिवळे-केशरी फोमचे बोळे घालतात ना, ते हार्डवेअरच्या किंवा मेडिकलच्या दुकानात वीस-तीस रुपयांना मिळतात. एक जोडी घेऊन दोन दिवस एसटीत घालून बघा. ते नीट बसले की गाडीचा आवाज किती खाली जाऊ शकतो याचा अंदाज येतो. इअरफोनकडून त्याच्या आसपासचीच अपेक्षा ठेवायची. आणि बोळेच कानात सहन झाले नाहीत, गुदमरल्यासारखं वाटलं, तर हा सगळा प्रकार तुमच्यासाठी नाही हे चार हजार खर्च व्हायच्या आत कळेल. काहींना खरंच सहन होत नाही, त्यांनी एसी डबा आणि नॉइज कॅन्सलेशनचा रस्ता धरावा.

नीट बसलंय की नाही हे ओळखायच्या खुणा आहेत. काही न वाजवता बोलून बघा, स्वतःचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमला पाहिजे. दोन्ही बाजूंना सारखा घुमला पाहिजे, हे महत्त्वाचं. मग गाणं लावून इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर खर्ज एकदम वाढला तर फट आहे, टिप बदला. दाबूनही फरक पडला नाही तर काम झालं.

तिसरी खूण तुम्हाला जास्त उपयोगी, कारण तुम्ही जुनी ध्वनिमुद्रणं ऐकता. ती मोनो असतात, डावीकडे-उजवीकडे तंतोतंत तेच जातं. त्यामुळे गायकाचा आवाज डोक्याच्या बरोबर मधे उभा राहायला हवा. तो एका बाजूला झुकला तर दुसरा कान नीट बंद नाही. बसवून पाहूनही झुकतोच आहे, तर इअरफोन उलटे घाला, डावा उजव्या कानात, टिपा मात्र ज्या कानाच्या त्या कानालाच ठेवा. झुकाव बाजू बदलून गेला तर दोष इअरफोनचा, परत पाठवा. त्याच बाजूला राहिला तर टिपेचा किंवा कानाचा. कानात मळ साचलेला असला तरीही असं होतं. तोंडात सुपारी किंवा शेंगदाणे असताना ही परीक्षा घेऊ नका. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो आणि बंद सुटतो. स्टेजच्या गायकांसाठी कानाचे साचे घेतात तेव्हा दातांत मुद्दाम ठोकळा धरायला देतात, तो याचसाठी.

फोम की सिलिकॉन? अडवण्यात फोम पुढे, आणि त्यात वाद नाही. वेड्यावाकड्या नळीशी तो जुळवून घेतो. पण तो वरच्या पट्टीतली चमक थोडी खातो, आणि आपल्या हवेत त्याचं आयुष्य कमी. दोन-तीन महिन्यांत तो चिकट, ढिला होतो, जुलै-ऑगस्टमध्ये त्याआधीच. सिलिकॉन धुता येतं, वर्ष काढतं, आवाज मोकळा ठेवतं, पण माप अचूक लागतं. तीन पदरी रबर सगळ्यात खोल जातं, अडवतंही भरपूर, पण पहिल्या आठवड्यात नको वाटतं. माझा सल्ला: रेल्वेच्या लांब प्रवासाला फोम, रोजच्या एसटीला सिलिकॉन. टिपा मागवताना इअरफोनच्या नळीचा व्यास बघा. शुअर, एटिमोटिक यांची नळी बारीक असते, तीन मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. चिनी इअरफोनची पाच-सहा मिलिमीटर. एकाची टिप दुसऱ्याला बसत नाही. ढिली टिप चढवली तर एक दिवस ती कानातच राहील आणि रात्री डॉक्टर शोधत फिरावं लागेल.

खोकं निवडताना फोटो मोठा करून कवचावर किती भोकं आहेत ते बघा. एका गोल पडद्याच्या, म्हणजे डायनॅमिक ड्रायव्हरच्या (ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा भाग) इअरफोनला हवा जायला एखादं सूक्ष्म छिद्र बहुधा असतंच, ते चालतं. पण मागे जाळी किंवा झरोके असले तर बाहेरचं आत येणार, कितीही चांगली टिप लावा. कवच कानाच्या वाटीत भरून बसणारं असावं. वायर कानावरून मागे जाणारी घ्या. सरळ खाली लोंबणारी वायर शर्टाला घासली की तो घासल्याचा आवाज थेट कानात वाजतो. बाहेरचं जितकं बंद, तितकी ही खरखर मोठी. कानावरून घेतली आणि ओढणीला किंवा कॉलरला चिमट्याने अडकवली की प्रश्न मिटतो. वायर सुटी होणारी हवीच, कारण मरते ती आधी वायर, तीही प्लगपाशी. ती बदलली की इअरफोन पुन्हा नवा.

आता आवाजाचा पोत. उघडा कान स्वतःच तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवून देतो, नळीच्या लांबीमुळे. नळीच्या तोंडाशी बोळा बसला की ही नैसर्गिक वाढ बिघडते, म्हणून बनवणारा ती इअरफोनमध्ये घालून देतो. ती कमी घातली तर गायक पडद्यामागे गेल्यासारखा, जास्त घातली तर तारसप्तकातला सा टोचतो. स्वस्तातले बरेच इअरफोन खालचं आणि वरचं दोन्ही फुगवतात, मधलं मागे ठेवतात. दुकानात अर्ध्या मिनिटात ते भारी वाटतं. पण गळा, हार्मोनियम, सारंगी, व्हायोलिन सगळं मधल्या पट्टीत राहतं, त्यामुळे तुमच्यासाठी ही जात टाळायची. वर्णनात "बेस" हा शब्द तीनदा आला की पुढचं पान उघडा.

तपासायला तुमच्या ओळखीचंच गाणं घ्या. तानपुऱ्याची जवारी सुरुवातीला ऐका. तिची झिलई एकसंध, रेशमासारखी पसरली पाहिजे, त्यातला एकच स्वर वेगळा शिट्टी मारत असेल तर वरच्या पट्टीत उंचवटा आहे. मग डबलबारीचं एखादं चांगलं ध्वनिमुद्रण. पखवाजाच्या धूमला पुडीवर लावलेल्या कणकेचं वजन आणि मागे रेंगाळणारी शेपूट दोन्ही ऐकू यायला हवीत, आणि झांज वाजत असताना बुवांचे शब्द कळले पाहिजेत. झांजेखाली शब्द बुडत असतील तर दोनच शक्यता: इअरफोन वरून तिखट आहे, किंवा मिक्सरवर बसलेला माणूस माझ्या धंद्यातला असून झोपला होता. दुसरी शक्यता बऱ्याचदा खरी असते, म्हणून दोन-तीन वेगवेगळी ध्वनिमुद्रणं घ्या. जुन्या तबकड्यांवरची गाणी ऐकाल तेव्हा खरखर पूर्वीपेक्षा जास्त जाणवेल. बाहेरचा आवाज गेला की आतलं सगळंच उघडं पडतं. त्याची सवय होते.

किती ड्रायव्हर आहेत, एक की पाच, या आकड्याला भुलू नका. या किमतीत एक चांगला डायनॅमिक ड्रायव्हर पाच भरड ड्रायव्हरांपेक्षा सुरेल वाजतो. भरपूर ड्रायव्हरच्या इअरफोनचा रोध काही स्वरांना अगदी कमी होतो, आणि साध्या फोनच्या किंवा डाँगलच्या जॅकवर त्यांचा पोत बदलू शकतो. एकाच डायनॅमिकवर ही कटकट जवळपास नाही. सोळा ते बत्तीस ओहमचा कुठलाही चालेल.

डाँगल घेताना एक पारख. यूएसबी-सी ते गोल जॅक असे दोन प्रकारचे तुकडे मिळतात. एकात डिजिटलचा आवाज करणारी चिप असते, दुसरा नुसती वायर असतो. दुसरा फक्त काही फोनवर चालतो, बाकीच्यांवर शांत बसतो. वर्णनात "डॅक", म्हणजे ती चिप, लिहिलेलंच घ्या. अ‍ॅपलचा छोटा पांढरा तुकडा आवाजाला स्वच्छ आहे, पण काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज निम्म्यावरच अडतो. बाहेरचं नीट अडवलंत तर तेवढाही पुरेल म्हणा. डाँगल फोनला लोंबकळत ठेवून बॅगेत कोंबू नका, आधी फोनचं सॉकेट ढिलं होतं.

आवाज किती ठेवायचा याबद्दल मी जरा कडक आहे, कारण स्पीकरसमोर उमेदीची वर्षं घालवून कान गमावलेली माणसं या धंद्यात बघितली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघासोबत २०१९ मध्ये जो दंडक घातला, त्यात मोठ्या माणसासाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास धरले आहेत, मुलांसाठी ७५ डेसिबलचे. तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. गाडीचा गोंगाट दाबण्यासाठी आज तुम्ही फोन शेवटपर्यंत चढवता, म्हणजे एका शनिवारच्या प्रवासात आठवड्याचा वाटा संपवत असाल. बंद करणारे इअरफोन घ्यायचं माझ्या लेखी पहिलं कारण हेच, पोत त्याच्या मागून. मोजायला यंत्र लागत नाही. रात्री घरी, पंखा बंद करून, गाणं जिथे सुखाचं वाटतं तिथे थांबा आणि फोनवरचे आवाजाचे टप्पे मोजा. मग तेच गाणं गाडीत. दोन-तीन टप्पे वर गेलात तर टिप नीट बसलीय. सहा-सात वर गेलात तर टिप बदला.

आपल्या हवेचं वेगळं सांगायलाच हवं, कारण नेटवरची परीक्षणं लिहिणाऱ्यांना आपला आषाढ माहीत नसतो. वायरचं पारदर्शक आवरण असेल तर आतलं तांबं वर्षभरात हिरवं पडेल. घाबरू नका, आवाजात फरक पडत नाही. ज्या टोकाला वायर इअरफोनला जुळते तिथे मात्र घाम आणि खारी हवा मिळून गंज धरतात आणि एक बाजू येते-जाते. महिन्याने एकदा वायर काढून सुक्या कापडाने टोकं पुसायची. एसी डब्यातून कुडाळला उतरलात आणि इअरफोनचं कवच धातूचं असलं तर नळीच्या जाळीवर आतून दव धरतं, एका कानाचा आवाज एकाएकी बारीक होतो. बिघडला म्हणून परत पाठवू नका, टिप काढून तासभर उघड्यावर ठेवा. ठेवायला चेनची छोटी पिशवी आणि त्यात नव्या चपलांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. तांदळाच्या डब्यात घालायची आपल्याकडे सवय आहे, पण तांदळाचा भुगा जाळीत बसतो, तो निघत नाही. आणि पाणी किती सोसेल ते सांगणारे आयपीएक्स७ वगैरे आकडे गोड्या पाण्यात बुडवून दिलेले असतात, समुद्राच्या पाण्याशी त्यांचा संबंध नाही.

कानाचंही तेच. पावसात कान दमट राहतात आणि दमट कान तासन्‌तास बोळ्याने बंद ठेवला की बुरशी धरते, खाज सुटते. न्हाऊन किंवा विहिरीत पोहून आल्यावर कान सुकू द्या, मग इअरफोन. तेल घालू नका, काडी घालू नका. सिलिकॉन टिप आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळल्याशिवाय चढवू नका. फोमवर स्पिरिट लावू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि खराब झाला की टाकून द्या. कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारायचं. टिपा कुणाशी वाटून घ्यायच्या नाहीत, सख्ख्या बहिणीशीही नाही.

स्कूटीवर हे कानात नकोत, घाटात तर नाहीच. रुळाकाठाने शॉर्टकट मारतानाही नकोत. कोकण रेल्वे बराचसा एकेरी मार्ग आहे, त्याच रुळावरून दोन्ही दिशांनी गाडी येते, आणि पंचवीस डेसिबल अडवणारा बोळा भोंगाही अडवतो. गाडीत बसल्यावर एक सोय करून ठेवा: उतरायच्या स्टेशनाच्या वीस मिनिटं आधीचा गजर, थरथरणारा, फोन हातात किंवा खिशात. पावसाळी वेळापत्रकात गाडी पुढे-मागे होते, तेव्हा गजर घड्याळावर न लावता गाडी कुठे आहे ते दाखवणाऱ्या अ‍ॅपवर लावा.

मागवताना परत करायची मुदत आणि अट दोन्ही वाचा. कानात जाणारी वस्तू म्हणून काही विक्रेते खोकं फोडल्यावर परत घेत नाहीत. रत्नागिरी-चिपळूणच्या दुकानात घालून बघायला कुणी देणार नाही, आणि दिलं तरी दहाजणांच्या कानातून आलेलं घालू नका. शुक्रवारच्या आत हातात पडेल असं मागवा, म्हणजे शनिवारी करबुड्यात खरी परीक्षा होईल.

राहिल्या शाळेच्या बैठका. ऐकायला उत्तम, बोलायला अडचण. दोन्ही कान बंद असले की स्वतःचा आवाज आत घुमतो आणि माणूस नकळत एक तर पुटपुटतो नाहीतर ओरडतो. बोलायची वेळ आली की एक कान मोकळा करा. माइक असलेली वायर घेतलीत तर तो माइक चार कप्प्यांच्या प्लगवर चालतो, डाँगलनेही तो ओळखला पाहिजे, तेव्हा दोन्हींच्या वर्णनात माइकचा उल्लेख आहे का ते बघून घ्या. नाहीतर फोनचाच माइक वापरा. आणि जुने वायरलेस इअरबड टाकू नका, घरातल्या बैठकांना ते पुरतात.